‘चाल कुठची व्हय?’ असं विचारणारा दर्यापूरचा स्टुडिओ

अमरावती जिल्ह्यातल्या दर्यापुरात बसस्टँडच्या मागच्या गल्लीत, बी-बियाण्यांच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर एक छोटा रेकॉर्डिंग स्टुडिओ आहे. बाहेर पाटी नाही. गल्लीत कोणालाही ‘गाणे भरते थो पोरगा’ म्हणून विचारलं की जिना दाखवतात. आमच्या महिला भजनी मंडळाची गाणी मी इथे रेकॉर्ड करून घेतली. शब्द माझे, चालीही बहुतेक मीच बांधलेल्या, आणि मागे म्हणणाऱ्या आमच्याच गावच्या बाया. वऱ्हाडात कोणी स्वतःची गाणी लिहून स्वतः गात असेल, तर त्यानं अमरावती-नागपूरची गाडी धरण्याआधी हा जिना चढावा, असं मला अगदी मनापासून वाटतं. का वाटतं, ते सविस्तर सांगते.

आधी दर सांगून टाकते, कारण सगळे तेच पहिलं विचारतात. रेकॉर्डिंगचे तासाला ४०० रुपये आणि मिक्सिंगचे, म्हणजे सगळ्या माइकचे आवाज जुळवून गाणं तयार करण्याचे, एका गाण्यामागे १,५०० रुपये. वादक आपले नेले तर वरचा खर्च काही नाही. पेटी आणि ढोलकी तिथे आहे, खंजेरी मात्र आपली न्यावी.

मी माझी गाण्यांची वही घेऊन गेले होते. काम करणारा मुलगा तिशीच्या आतला आहे. त्यानं वही हातात घेतली, दोन-चार पानं चाळली आणि विचारलं, “ताई, हे चाल कुठची व्हय?”

भजन म्हणणाऱ्या माणसाला हा प्रश्न नवा नाही. आमच्या वह्यांत प्रत्येक पदाच्या डोक्यावर चाल लिहिलेली असते, अमक्या अभंगाची, तमक्या गाण्याची. शब्द नवे आणि चाल ओळखीची, ही रीत आमच्याकडे पिढ्यांची आहे आणि ती कोणी लपवत नाही. पण या मुलाला वहीत लिहिलेलं उत्तर नको होतं. माझ्या कानात आधीपासून काय काय साठलंय, ते त्याला पाहायचं होतं. त्यानं एकेक गाणं मला पेटीशिवाय, ठेक्याशिवाय, नुसतं म्हणायला लावलं आणि मोबाइलवर घेतलं. मग विचारत गेला. ही ओळ अशी कायले वळते? इथं आवाज खाली कायले सोडता? असं म्हणणारं कोणी ऐकलं होतं का? त्या बसण्याचे त्यानं पैसे लावले नाहीत. पुढे रेकॉर्डिंगमध्ये जे काही चांगलं झालं, त्याची मुळं त्या बोलण्यात आहेत, म्हणून त्यातलं जरा तपशिलानं लिहिते.

माझे बाबा गावच्या गुरुदेव सेवा मंडळात, म्हणजे तुकडोजी महाराजांच्या भजनी मंडळात, खंजेरी वाजवायचे. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज (१९०९–१९६८) आमच्याच जिल्ह्यातल्या यावलीचे. पाळण्यातलं नाव माणिक, गुरू वरखेडचे आडकोजी महाराज. आज स्वतः लिहायचं, स्वतः चाल लावायची आणि स्वतःच गायचं, अशा कलाकाराचं शहरात मोठं कौतुक होतं. महाराजांनी हे एका खंजेरीवर गावोगाव केलं, मराठीत केलं आणि हिंदीतही केलं. १९४२ साली ‘चले जाव’च्या चळवळीत चिमूर पेटलं तेव्हा इंग्रज सरकारनं त्यांना तुरुंगात टाकलं. भजनाची सत्तेला धास्ती वाटावी, इतकं बळ त्या साध्या ओळींत होतं.

बाबांच्या मंडळाकडून माझ्यात आली ती लय. खंजेरीचं भजन संथ निघतं, दुसऱ्या अंतऱ्यापासून चढायला लागतं, आणि शेवटाला धृपद असं काही वेगात येतं की टाळकऱ्यांचे हात डोळ्यांना दिसत नाहीत. हा चढ कोणी मोजत नाही. म्हणणारा आणि खंजेरीवाला एकमेकांच्या तोंडाकडे बघून तो घेतात. शिवाय ज्याला वाजवत वाजवत म्हणायचं असतं त्याची ओळ आखूड राहते, कारण ठेका आणि श्वास दोन्ही त्यालाच सांभाळायचे असतात. माझ्या ओळी आखूड का, हे मला कोणी विचारलं असतं तर मी ‘सुचतात तशा’ असं म्हटलं असतं. त्या मुलानं माझं गाणं ऐकून सांगितलं, “ताई, हे खंजेरीवर बनलेलं गानं हाय.” खरंच तसं होतं. घरात पेटी कधी नव्हतीच. खंजेरी खुंटीला होती आणि माझी पहिली गाणी मी तिच्यावरच बसवली. आमच्या शेजारच्या अकोट तालुक्यातले सत्यपाल महाराज एकाच वेळी सात खंजेऱ्या वाजवून कीर्तन करतात. त्यांचा कार्यक्रम पंचक्रोशीत कुठेही असला की बाबा मला घेऊन जायचे. एकाच वाद्याचे किती बोल निघू शकतात, ते मी तिथे पाहिलं.

माय गाणारी म्हणून कोणाला माहीत नव्हती. पण भुलाबाईच्या महिन्यात, भादव्याच्या पुनवेपासून कोजागिरीपर्यंत, आमच्या ओसरीवर सगळ्या आळीच्या पोरी यायच्या आणि गाणी सांगायला मायच असायची. भुलाबाईची गाणी मोजत चालतात. पहिली, दुसरी, तिसरी असं एकेक पाऊल टाकत गोष्ट पुढे जाते, आणि प्रत्येक ओळीत मागची ओळ थोडी परत येते. त्यामुळे चार वर्षांची पोरही मध्येच येऊन म्हणू लागते. सूर पाच-सहाच असतात. टिपऱ्यांचा ठेका असतो, आणि गाणी संपली की बंद डब्यातला खाऊ ओळखायचा. मायच्या ओव्या मात्र वेगळ्या. त्या ती पहाटे जात्यावर म्हणायची, नंतर गावात चक्की आली तरी कापसाच्या वेचणीला वाकल्या वाकल्या म्हणायची. त्या ओव्यांतला तिसऱ्या ओळीचा शेवट ती एका ठिकाणी थांबवत नसे, सूर हळूहळू खाली घसरू द्यायची. तोच उतार माझ्या आवाजात आहे. आवाज खाली का सोडता, या त्याच्या प्रश्नाचं उत्तर ते.

मग १४ एप्रिल. आमच्या गावात भीमजयंतीच्या आधीपासूनच रात्री गाणी असायची, आणि आम्ही पोरी मागे बसून ऐकायचो. वामनदादा कर्डक (१९२२–२००४) नाशिक जिल्ह्यातल्या देशवंडीचे, पण त्यांची गाणी विदर्भातल्या वस्त्यावस्त्यांत तोंडपाठ आहेत. ज्यांना लिहिता-वाचता मोठेपणी आलं त्या माणसानं हजारो गाणी लिहावीत आणि ती मजुरी करणाऱ्या बायकांना पहिल्या ऐकण्यात पाठ व्हावीत, याचं मला लहानपणापासून फार मोल वाटत आलंय. कव्वालीच्या ढंगानं म्हणणारे एकच ओळ दोनदा-तीनदा फिरवतात. पहिल्यांदा नुसती सांगतात, दुसऱ्यांदा एका शब्दावर जोर देतात, आणि तिसऱ्यांदा कोरसकडे टाकतात. त्या तिसऱ्या वेळी टाळी पडते. माझ्या गाण्यात सवाल येतो आणि मंडळ त्याचा जबाब देतं, ते तिथून आलं. थोडं गाडगेबाबांच्या कीर्तनातूनही आलं असेल. त्यांचं जन्मगाव शेंडगाव आमच्या शेजारच्या अंजनगाव सुर्जी तालुक्यात. गाडगेबाबा समोर बसलेल्या माणसांना वऱ्हाडीत प्रश्न विचारत, लोक उत्तर देत, आणि कीर्तन त्या उत्तरावरून पुढे जाई.

पोळ्याच्या तोरणाखाली म्हणतात त्या झडत्यांचंही नाव घ्यायला हवं. दोन-चार ओळींत सावकारापासून सरकारपर्यंत कोणाचीही हजेरी घ्यायची आणि शेवटी सगळ्यांनी महादेवाचा गजर करायचा. यमक पक्कं नसेल तर गजर नीट उठत नाही. यमकाची शिस्त मी झडत्यांत पाहिली आणि पुढे शाळेतल्या मराठीच्या बाईंमुळे सुरेश भटांच्या गझलेत वाचली. भट अमरावतीचे, १९३२ चा जन्म. बाई वर्गात त्यांचे शेर म्हणायच्या आणि आम्हाला बोटांवर मात्रा मोजायला लावायच्या. मी गझल लिहीत नाही. पण एक मात्रा जास्त झाली तर ओळ अडखळते आणि गाणारी बाई दमते, हे मी तिथे शिकले.

सिनेमाच्या चालींचं काय, तर त्या होत्याच. रेडिओ होता, लग्नातला बँड होता, यात्रेतला भोंगा होता. त्याबद्दल पुढे येतेच.

आता रेकॉर्डिंगकडे. या आधी मी एका मोठ्या शहरातल्या स्टुडिओत दोन गाणी करून घेतली होती. जागा चांगली होती, यंत्रं भारी होती. तिथे माझ्या कानात हेडफोन घालून त्यात एकसारखा टक-टक ठोका लावला आणि त्यावर गा म्हणाले. मंडळ नेऊ दिलं नाही, कोरस तिथल्या दोघींनी म्हटला. ढोलकी कीबोर्डमधून आली. ‘मायले’चं ‘आईला’ करा, म्हणजे सगळ्या महाराष्ट्राला कळेल, असं सांगितलं. शेवटी आवाज आपोआप सुरात बसवणारं सॉफ्टवेअर लावलं. गाणं हातात आलं तेव्हा त्यात एकही चूक नव्हती, आणि आमच्या गावात कोणालाही ते माझं वाटलं नाही. मायनं ते ऐकलं आणि विचारलं, “हे कोन गाऊन रायली?”

असं का झालं, ते मला दर्यापूरच्या या मुलानं समजावलं, आणि हे समजावणं मला त्याच्या सेवेतला सगळ्यात मोलाचा भाग वाटतो. ठोका लावला की लय जागची हलत नाही, आणि खंजेरीच्या भजनाचा तर प्राण चढत्या लयीत असतो. सूर बसवणारं तंत्र १९९७ साली बाजारात आलं. ते गळ्यातला प्रत्येक स्वर उचलून पेटीच्या बारा पट्ट्यांपैकी जवळच्या पट्टीवर ठेवतं. जोरात लावलं तर स्वरांच्या मधली वाटच उरत नाही. मायच्या ओवीचा तो खाली घसरणारा उतार दोन पट्ट्यांच्या मधूनच जातो, आणि सॉफ्टवेअरला ती चूक वाटते. पेटीची हीच अडचण ओळखून ऑल इंडिया रेडिओनं १९४० साली तिला आपल्या कार्यक्रमांतून बाहेर काढलं होतं आणि १९७१ पर्यंत ती बंदी राहिली, हेही त्यानंच सांगितलं. त्याच्याकडे हे सॉफ्टवेअर आहे. लग्नाच्या गाण्यांना आणि वाढदिवसाच्या गाण्यांना तो ते लावतो. माझ्या गाण्यांना लावलं नाही.

त्यानं आमचं सगळं मंडळ एकाच खोलीत बसवलं, देवळात बसतो तसं गोल. मधोमध एक संवेदनशील कंडेन्सर माइक थोडा उंच टांगला, माझ्यासमोर एक वेगळा ठेवला आणि खंजेरीला एक साधा डायनॅमिक माइक दिला. खंजेरीच्या माइकवर त्यानं बराच वेळ घालवला. समोरून धरला की झांजांची किणकिण आवाजावर चढते. चामड्याच्या अंगाला, हातभर अंतरावर आणि जरा तिरका धरला तेव्हा थापेचा भरीव आवाज आला आणि किणकिण मागे राहिली. पावसाळ्याचे दिवस होते, चामडं ओलाव्यानं सैल पडलं होतं. देवळात आम्ही ते धुनीवर शेकतो. इथे त्यानं एका पत्र्याच्या डब्यात पिवळा बल्ब लावून ठेवलाय, खंजेरी त्यावर पाच-दहा मिनिटं धरायची. म्हणजे खंजेरीवाली माणसं त्याच्याकडे येत असतात आणि त्यानं त्यांच्या अडचणीकडे लक्ष दिलंय.

सगळ्यांनी एकत्र गाण्याची किंमतही मोजावी लागते, ती आधीच समजून घ्या. सगळ्यांचे आवाज सगळ्या माइकमध्ये थोडे थोडे शिरतात. कोणी एक चुकली तर तेवढी ओळ कापून दुसरी जोडता येत नाही, कारण लय प्रत्येक वेळी वेगळी चढलेली असते. पूर्ण गाणं पुन्हा म्हणावं लागतं. तासाचे पैसे चालू असतात. म्हणून घरी गाणं पक्कं बसवून मगच जावं. पट्टीही ठरवून जावी. आमचं मंडळ काळी चारमध्ये गातं. माइक नसताना देवळाच्या पारावरून शेवटच्या माणसापर्यंत शब्द जायचा म्हणून आवाज उंच लावायची सवय पडली आहे. शहरातल्या स्टुडिओत ‘एवढं ओरडू नका’ असं सांगितलं होतं. इथे त्यानं माझा माइक एक वीत मागे नेला आणि आवाज आहे तसा राहू दिला.

शब्दांना त्यानं हात लावला नाही. मी डोळ्याला ‘डोया’ म्हटलं तर ‘डोया’च राहिला.

आता चालींच्या हक्काबद्दल, कारण आपल्यासारख्यांना हे कोणी सांगत नाही आणि मग यूट्यूबवर टाकलेलं गाणं उडतं. माझ्या वहीतली काही गाणी सिनेमाच्या चालींवर आहेत. ती त्यानं पहिल्याच बैठकीत बाजूला काढली. संगीताचा हक्क रचनाकार असेपर्यंत आणि त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं राहतो. देवळातल्या धार्मिक विधीत गायला कायद्यात सूट आहे, त्यामुळे मंडळानं खुशाल म्हणावं. पण रेकॉर्ड करून नेटवर चढवलं की यूट्यूबची यंत्रणा चाल ओळखू शकते, आणि मग व्हिडिओ बंद होतो किंवा त्याचे पैसे मूळ मालकाला जातात. हा नियम संतांच्या रचनांनाही लागतो, हे मला नवीन होतं. तुकडोजी महाराज १९६८ ला गेले, म्हणजे त्यांच्या हयातीत छापलेल्या रचनांची मुदत २०२८ च्या अखेरपर्यंत आहे. वामनदादांच्या रचनांची तर २०६४ पर्यंत. भुलाबाई, ओवी, झडती यांच्या पारंपरिक चालींचा कोणी एक धनी नाही. त्या सगळ्यांच्या.

तर माझं एक गाणं होतं आमच्या खारपाणपट्ट्यावरचं. पूर्णेच्या खोऱ्यात, अमरावती, अकोला, बुलढाणा या तिन्ही जिल्ह्यांत विहिरीला पाणी लागतं ते खारं. डाळ शिजत नाही, साबण फेसाळत नाही, हंड्यावर पांढरा थर बसतो. त्यावर लिहिलं होतं:

एक हंडा खारा बाई, दुसरा हंडा खारा
पोर पुसते मायले, कोठी गोड पान्याचा झरा

हे मी एका जुन्या हिंदी सिनेमाच्या चालीवर म्हणत असे. मंडळात चांगलं जमायचं. या मुलानं शब्द दोनदा वाचले आणि म्हणाला, “ताई, एक हंडा, दुसरा हंडा, हे मोजनं तं भुलाबाईचं हाय. मंग चाल कायले दुसरी?”

मी घरी जाऊन मायजवळ बसले. तिला आठवतील तितकी भुलाबाईची गाणी म्हणायला लावली. त्यातल्या एका चालीचा आरंभ घेतला, पण दुसरी ओळ तिथे ठेवली नाही. ‘कोठी गोड पान्याचा झरा’ म्हणताना सूर ओवीसारखा खाली सोडला. मग तिसऱ्या कडव्यापासून खंजेरी आत आली आणि लय चढायला लागली, आणि शेवटी ‘झरा कोठी?’ हा सवाल मी टाकायचा आणि मंडळानं तो तीनदा फिरवायचा, भीमजयंतीच्या गाण्यांत फिरवतात तसा. हे करताना मी काही ठरवून चार ठिकाणांहून चार गोष्टी आणल्या नाहीत. त्या आधीच शब्दांत होत्या, सिनेमाच्या चालीखाली दबल्या होत्या. आता हे गाणं ऐकणाऱ्याला भुलाबाई ओळखू येते, खंजेरी ओळखू येते, पण ही चाल आधी कुठे ऐकली ते सांगता येत नाही. माझ्या आजवरच्या गाण्यांत मला हे सगळ्यात जास्त माझं वाटतं. एखाद्या स्टुडिओनं पैसे घेऊन आवाज नीट भरून दिला तरी आपण त्याला चांगला म्हणतो. या मुलानं मला माझी चाल शोधायला परत घरी पाठवलं, आणि त्या दिवसाचं त्याचं भाडं बुडालं.

उणिवा आहेत आणि त्या सांगायलाच हव्यात. छत पत्र्याचं आहे. आतून फोम आणि जुन्या गाद्या लावल्या आहेत, तरी जोराचा पाऊस आला की काम थांबतं. लाइट जाते. इन्व्हर्टरवर कॉम्प्युटर चालतो, पण पंखा आणि एसी बंद ठेवावे लागतात. तसं रेकॉर्डिंग चालू असताना एसी एरवीही बंदच असतो, नाहीतर त्याची घरघर गाण्यात येते. म्हणून मे महिन्यात म्हाताऱ्या बायकांना घेऊन जाऊ नये. जिना उभा आहे, आमच्यातल्या दोघींना धरून वर न्यावं लागलं. बायकांसाठी स्वच्छतागृह नाही, बसस्टँडवर जावं लागतं. मंडळं घेऊन बाया येत असतील तर ही सोय त्यानं आधी करावी, माइक नंतर घ्यावा, हे मी त्याला तोंडावर सांगितलंय.

कामाला वेळ लागतो. सगळं एकटाच करतो, त्यामुळे लग्नसराईत मिक्सिंग रखडतं आणि फोन उचलला जात नाही. तारीख वहीत लिहून घ्यावी. पहिलं मिक्सिंग पाठवतो त्यात आवाज जरा जास्तच घुमवलेला असतो. सांगितलं की कमी करून देतो, दोनदा बदल करायचे पैसे घेत नाही. मोबाइलच्या स्पीकरवर ऐकून पसंत करू नका. खंजेरीची थाप मोबाइलवर येतच नाही, झांजाच ऐकू येतात. तिथल्या मोठ्या स्पीकरवर ऐका, आणि मग गावात भोंग्यावर ऐका, कारण आपलं गाणं शेवटी तिथेच वाजणार आहे.

पेनड्राइव्ह आपला न्यावा. तयार गाण्यासोबत सगळ्या माइकच्या वेगवेगळ्या फाइलीही मागून घ्याव्यात. तो देतो, पण आपण होऊन देत नाही. काही दिवसांनी जागा लागली की त्याच्या कॉम्प्युटरवरून त्या निघून जातात. वहीत प्रत्येक गाण्याखाली चाल कुठून घेतली ते लिहून न्या, आठवत नसेल तर घरातल्या मोठ्या बाईला विचारून लिहा. त्यानं निम्मा वेळ वाचतो.

आमच्याकडे वेचणी सुरू झाली की मंडळ गोळा होत नाही. म्हणून दसऱ्याच्या आधीचे किंवा संक्रांतीनंतरचे दिवस धरावेत. संक्रांतीनंतरचे जास्त चांगले. पाऊस नसतो, चामडं ताठ असतं, लग्नाची गर्दी सुरू झालेली नसते आणि सकाळी नऊच्या आत गेलं तर खालचं दुकान उघडायच्या आधीची शांतता मिळते.